कचऱ्यातून वीज : कचरा कोणाचा, भट्टी कोणाच्या गावात? कर्जत-खालापूरचा हिशेब

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून मुंबईला वीज जाऊ लागली, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या धरणांतले पाणी खाली सोडायचे, पायथ्याशी जनित्रे फिरवायची आणि तारांवरून वीज मुंबईच्या गिरण्यांकडे न्यायची, अशी ती रचना होती. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण आज नवी मुंबईची तहान भागवते. वीज गेली, पाणी गेले. आता शहराकडून या बाजूला जी वस्तू येऊ पाहते आहे, ती म्हणजे कचरा. आणि तो कचरा या नावाने क्वचितच येतो. ‘ऊर्जा प्रकल्प’, ‘प्रक्रिया केंद्र’, ‘शाश्वत विकास’ अशी त्याची नावे असतात.

कचऱ्यापासून ऊर्जा मिळवणे ही मुळात वाईट कल्पना नाही. काही ठिकाणी ती अतिशय चांगली आहे. पण ‘कचऱ्यापासून ऊर्जा’ या एकाच शब्दप्रयोगात दोन अगदी वेगळे उद्योग दडलेले आहेत. एकात कचरा कुजवून गॅस काढतात, दुसऱ्यात कचरा जाळून वाफ काढतात. गावापुढे प्रस्ताव येतो तेव्हा हा फरक कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे विरोध करणाराही आंधळा विरोध करतो आणि पाठिंबा देणाराही आंधळा पाठिंबा देतो.

कुजवणे आणि जाळणे

ओला कचरा, म्हणजे उरलेले अन्न, भाजीचे देठ, फळांच्या साली, शेण, हवाबंद टाकीत ठेवला की जिवाणू तो खातात आणि मिथेन तयार होतो. गोबर गॅस आपल्या माहितीचा आहेच. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर ‘निसर्गऋण’ हे तंत्र विकसित केले. त्यात कचरा आधी वाटून त्याचा लगदा करतात. पहिल्या टाकीत गरम पाणी आणि हवा देऊन तो लवकर मोडला जातो, मग मुख्य हवाबंद टाकीत गॅस तयार होतो. मागे उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. कर्जत तालुक्यातल्या माथेरानमध्ये रोज ५ टन क्षमतेचा असा प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लावण्याची सोय करण्यात आली.

माथेरानला हे तंत्र सोयीचे का, ते पाहण्यासारखे आहे. डोंगरावर मोटारींना बंदी आहे. २००३ पासून माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. म्हणजे कचरा वर साठवता येत नाही आणि खाली आणणे महाग पडते. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्या माणसांचा कचरा दीड टनाच्या आसपास भरतो, बाकीचा पर्यटकांचा. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून निघणारे अन्न आणि घोड्यांची लीद हा या टाकीचा उत्तम खुराक. अडचणही तिथेच आहे. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात कचरा ओसंडतो, भर पावसाळ्यात आटतो. टाकीतल्या जिवाणूंना मात्र रोज ठरावीक वेळी ठरावीक घास लागतो. प्लास्टिकची पिशवी, चमचे, वाळू आत गेली की यंत्र अडते. असे प्रकल्प बंद पडतात तेव्हा दोष बहुधा तंत्राचा नसतो. घरात आणि हॉटेलात कचरा वेगळा न करण्याची सवय आणि देखभालीला पैसे न ठेवणारा नगरपालिकेचा अर्थसंकल्प, ही दोन कारणे पुरेशी असतात.

दुसरा मार्ग जाळण्याचा. सुका, न विकला जाणारा कचरा भट्टीत जाळायचा, त्या उष्णतेने वाफ करायची आणि तिच्यावर टर्बाइन फिरवायचे. कागदावर हे सोपे दिसते. आपल्या कचऱ्याचा स्वभाव मात्र वेगळा आहे. भारतीय शहरांच्या मिश्र कचऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे निम्मा ओला असलेला एक किलो कचरा पेटवायचा तर २९० किलोकॅलरी केवळ तो वाळवण्यात जातात. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळणारा वीजप्रकल्प उभारला होता. भट्टीला किलोमागे १,४६२ किलोकॅलरीहून जास्त उष्मांकाचा कचरा हवा होता. प्रत्यक्षात आलेला कचरा ६०० ते ७०० चा. चाचणीच्या २१ दिवसांनंतर तो बंद पडला.

त्यानंतर भट्ट्या सुधारल्या, नियमही आले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरायचा, असे ठरवून दिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ च्या आदेशात वेगळा न केलेला कचरा अशा प्रकल्पांत जाळू नये, असे बजावले. पिंपरी-चिंचवडच्या मोशी येथे १४ मेगावॅटचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता रोज ७०० टन कचऱ्याची आहे. हा ७०० चा आकडा लक्षात ठेवा.

आपला कचरा किती?

२०११ च्या जनगणनेनुसार खोपोलीची लोकसंख्या ७१,१४१, कर्जत शहराची २९,६६३ आणि माथेरानची ४,३९३. बेरीज १ लाख ५ हजारांच्या घरात जाते. लहान शहरांत माणशी रोज ३५० ग्रॅम कचरा धरला, तर तिन्ही नगरपालिकांचा मिळून ३७ टनांच्या आसपास होतो. त्यानंतर वस्ती वाढली, नेरळ फुगले, फार्महाउस आणि रिसॉर्ट आले, खालापूर नगरपंचायत झाली. म्हणून हा आकडा दुप्पट करू. ७५ टन. त्यातला निम्म्याहून अधिक ओला, म्हणजे जाळण्यासाठी निरुपयोगी. उरलेल्यातून भंगारात विकला जाणारा माल काढला की भट्टीत घालण्याजोगा कचरा १५-२० टनही उरत नाही.

एवढ्या कचऱ्यावर वीज देणारी भट्टी चालत नाही. धूर शुद्ध करणारी यंत्रणा, तापमान टिकवणारी रचना, चोवीस तास चालणारे टर्बाइन यांचा खर्च शेकडो टन कचरा असेल तरच भरून निघतो. म्हणून कर्जत किंवा खालापूर तालुक्यात जाळून वीज करण्याचा प्रस्ताव आला, तर तो कागदोपत्री कोणाच्याही नावाने असो, तो बाहेरच्या शहरांच्या कचऱ्यासाठी आहे, हे गणितच सांगते. त्यासाठी कोणाच्या हेतूवर संशय घ्यायची गरज नाही.

याउलट कुजवण्याचा हिशेब मांडून पाहा. ३७ टनांतला १८-१९ टन ओला कचरा नीट वेगळा मिळाला, तर टनामागे ८० घनमीटर या बेताच्या अंदाजाने रोज सुमारे १,५०० घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस साधारण ०.४५ किलो एल.पी.जी.चे काम करतो. म्हणजे रोज ४५-४७ घरगुती सिलिंडर. त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली, तर दोन तृतीयांश ऊर्जा इंजिनाच्या उष्णतेत वाया जाते आणि हाती अडीच-तीन हजार युनिट येतात. म्हणून माझे मत असे की लहान शहराने ‘वीजनिर्मिती’च्या पाटीचा मोह सोडावा. आश्रमशाळेचे, उपजिल्हा रुग्णालयाचे किंवा शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर थेट या गॅसवर चालवणे अधिक शहाणपणाचे आहे. उद्घाटनाला दिवे लावण्याइतके ते देखणे नसते, एवढेच. मळीला गिऱ्हाईकही दूर शोधावे लागत नाही. हा भाताचा मुलूख आहे. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘कर्जत’ नावाच्या भाताच्या जाती राज्यभर पेरल्या जातात.

इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला ५५० टनांचा बायो-सी.एन.जी. प्रकल्प याच तत्त्वाचा मोठा नमुना आहे. त्याचे श्रेय यंत्रांपेक्षा घराघरांत वेगळा होणाऱ्या कचऱ्याला जास्त आहे.

पैशाचा प्रश्नही थोडक्यात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ साली कचरा जाळून केलेल्या विजेचा दर युनिटमागे ७ रुपये ४ पैसे ठरवला होता. त्यानंतर सौर विजेचे दर लिलावांत तीन रुपयांच्या खाली गेले. म्हणजे कचऱ्याची वीज ही स्वस्त वीज म्हणून विकली जाऊ शकत नाही. ती कचरा संपवण्याची महाग पद्धत आहे आणि वीज हे तिचे उप-उत्पादन. मग प्रश्न एवढाच उरतो की कोणाचा कचरा, कोणाच्या दाराशी संपवायचा.

गोवंडी ते जांभिवली

या प्रश्नाचे उत्तर खालापूर तालुक्यासमोर आधीच येऊन उभे आहे. मुंबईच्या रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा गोवंडीत, देवनारच्या डम्पिंग ग्राउंडच्या परिसरात जाळला जात असे. देवनारला शहराचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. आजूबाजूच्या वस्त्या मुंबईतल्या सर्वांत गरीब वस्त्या, प्रामुख्याने मुस्लिम आणि दलित. तिथल्या रहिवाशांच्या संघटनेने या भट्टीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. नवी जागा ठरली ती खालापूर तालुक्यातली जांभिवली. तिथल्या परिसरातील ग्रामस्थांनीही विरोध नोंदवला.

गोवंडीच्या लोकांचा लढा न्याय्य होता आणि तो त्यांनी चिकाटीने लढला. पण एका गरीब वस्तीची सुटका दुसऱ्या, तिच्याइतक्याच कमी आवाजाच्या मुलखाकडे बोट दाखवून होत असेल, तर तिला न्याय म्हणताना जीभ अडखळते. मलबार हिलच्या रुग्णालयातला कचरा गोवंडीत का जळत होता, हा पहिला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आता तोच प्रश्न पत्ता बदलून आला आहे.

हा प्रकल्प विजेचा नाही. अशा भट्टीत वीज तयार होत नाही, उलट पेटती ठेवण्यासाठी इंधन लागते. तरी तो इथे महत्त्वाचा आहे, कारण जाळण्याचे धोके दोन्हीकडे एकाच जातीचे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दुसऱ्या कक्षात १,०५० अंशांच्या आसपास तापमान हवे आणि धूर तिथे किमान दोन सेकंद थांबला पाहिजे. तापमान घसरले, किंवा बाहेर पडताना धूर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर क्लोरीन असलेल्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन आणि फ्युरान ही अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. त्यांची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. चिमणीवर बसवलेले ऑनलाइन मीटर धूळ आणि काही वायू मोजतात, डायॉक्सिन मोजत नाहीत. त्याची चाचणी वर्षातून एकदा करायची असते, आणि ज्या दिवशी ती होते त्या दिवशी भट्टी उत्तम चालवता येतेच.

डायॉक्सिन माणसाच्या अंगात मुख्यतः श्वासातून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार नव्वद टक्क्यांहून अधिक संपर्क अन्नातून येतो : दूध, मांस, मासे. ते चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे राहते. शहरातल्या माणसाचे दूध लांबून, दहा ठिकाणांहून येते. खालापूरच्या वाडीवरच्या कुटुंबाची म्हैस त्याच माळावर चरते, कोंबडी त्याच अंगणात टिपते आणि मासळी त्याच ओढ्यातली असते. म्हणून ‘आजूबाजूला लोकवस्ती विरळ आहे’ हा जागा निवडताना दिला जाणारा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. माणसे कमी असतात, पण त्यांचे पोट त्याच जमिनीवर असते.

राखेचे काय होते, हे कोणी विचारत नाही. मिश्र कचरा जाळला तर वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख उरते. धुराच्या गाळणीत अडकलेली बारीक राख सर्वांत विषारी, कारण जे हवेत जाऊ दिले नाही ते तिच्यातच असते. ती सुरक्षित भूभरावातच पुरावी लागते. या दोन तालुक्यांत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उघड्यावर ठेवलेली राख पहिल्या पावसात पाताळगंगेच्या किंवा उल्हासच्या खोऱ्यात उतरते. उल्हासचे पाणी पुढे बदलापूर, कल्याण, उल्हासनगरचे लोक पितात. शहरातून आलेले शहराकडे जाण्याचा एवढाच रस्ता उघडा राहतो.

विचारायचे कोणाला?

दोन्ही तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या शेकडो वाड्या आहेत. कातकरी ही विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेली आहे. तरीही रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. पालघरच्या वाडीची ग्रामसभा ज्या अधिकाराने बोलू शकते, तो अधिकार खालापूरच्या वाडीला नाही. वनहक्क कायदा आहे, पण तो वनजमिनीपुरता. त्यात मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत येणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळण्याची तरतूद पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे ‘एम.आय.डी.सी.मध्ये आहे’ एवढ्या दोन शब्दांनी गावाचे म्हणणे ऐकण्याची पायरी गळू शकते. वसाहतीचे कुंपण धुराला आणि पाण्याला दिसत नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना (१९४२ ते १९४६) वीज हा विषय त्यांच्याकडेच होता. मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळाची स्थापना त्याच काळातली. ऑक्टोबर १९४३ मध्ये पुनर्रचना समितीपुढे वीजधोरण मांडताना त्यांनी मालकी खासगी असावी की सरकारी आणि वीज नेमकी कशासाठी हवी, हे प्रश्न तांत्रिक प्रश्नांच्या बरोबरीने ठेवले. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी त्यांची धारणा होती. आपल्या समाजात विजेच्या प्रकल्पाला आंधळा विरोध करण्याची परंपरा नाही, ती यामुळे. पण त्याच कसोटीवर सात रुपयांची, शेकडो टन परक्या कचऱ्याची, गावाला न विचारता आलेली वीज टिकत नाही.

आणि हात कोणाचे?

शाश्वततेच्या अहवालांत कार्बनचा तक्ता असतो, कामगारांचा बहुधा नसतो. कचरा वेगळा करणारे हात महाराष्ट्रात कोणत्या समाजांचे आहेत, हे या वाचकांना सांगायला नको. जाळणाऱ्या प्रकल्पाला उष्मांक हवा असतो, आणि सर्वाधिक उष्मांक असतो प्लास्टिक, पुठ्ठा, कागद यांत. नेमका हाच माल कचरावेचक बाई भंगारवाल्याला विकून घर चालवते. ठेक्यात रोज इतका टन कचरा देऊच अशी हमी नगरपालिकेने लिहून दिली की पुनर्वापर वाढणे हे नगरपालिकेचेच नुकसान ठरते. मग कचरावेचकांना डम्पिंगवर मज्जाव होतो, आणि त्याला सुरक्षेचे नाव मिळते.

वेगळी वाटही महाराष्ट्रातच आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करणे हे त्यांच्या सभासदांचे हक्काचे काम झाले. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना निसर्गऋण प्रकल्प चालवण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्या बायकांनी ते चालवून दाखवले. काल जी बाई ढिगाऱ्यात आकडी घेऊन फिरत होती, ती आज टाकीचे तापमान आणि गॅसचा दाब नोंदवते. कर्जत-खोपोलीत हे अशक्य का असावे, याचे कारण मला दिसत नाही.

बायोगॅसला सगळे माफ, असेही नको. टाकी साफ करायला माणूस उतरवला तर आतला वायू त्याचा जीव घेऊ शकतो. सेप्टिक टँकमध्ये जी माणसे मरतात ती कोण असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. हातमोजे आणि बूट देऊन भागत नाही. टाकी माणूस न उतरवता रिकामी करता येईल अशी रचना निविदेतच मागावी लागते. कामगार ठेकेदाराचा असला तरी किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी नगरपालिकेला झटकता येत नाही.

दररोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी मोठे कचरा उत्पादक ठरवले. कर्जत-नेरळच्या पट्ट्यातली अनेक रिसॉर्ट आणि लग्नाची लॉन त्यात बसतात. त्यांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवला, तर नगरपालिकेच्या टाकीवरचा शनिवार-रविवारचा ताण तिथेच कमी होतो. त्याला नवा प्रकल्प लागत नाही, नोटीस लागते.

गावात प्रस्ताव आला तर ग्रामसभेने पहिल्याच बैठकीत काही कागद मागावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात रोजची क्षमता टनांत लिहिलेली असते. तिची आपल्या तालुक्याच्या कचऱ्याशी तुलना करा. कचरा कोणत्या शहरांतून येणार, हे करारात असते. राख कोणत्या भूभरावात जाणार, त्याचा करार वेगळा असतो. अशाच ठेकेदाराची भट्टी दुसरीकडे चालू असेल, तर तिच्या मागच्या तीन वर्षांच्या डायॉक्सिन चाचण्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मिळतात. भट्टी उभी राहण्याआधी आसपासच्या विहिरींचे पाणी, दूध आणि माती तपासून अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा. दहा वर्षांनी ‘हे विष आधीपासूनच होते’ असे कोणी म्हणाले, तर तो एकच कागद कामाला येतो.